वेदना : देहाचा जागल्या

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला बजावले, "तुम्ही इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवलात. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातले काहीतरी लिहा. पण बाई, लढाया नकोत." लढाया नकोत म्हटल्यावर इतिहासाच्या शिक्षिकेजवळ उरते काय, हा प्रश्न मला प्रथम पडला. निजामशाही, चांदबिबी, खर्ड्याची लढाई हे सारे बाजूस सारून मी विचार करीत बसले. आणि अखेर माझ्याच पायाने मला विषय दिला.

गेल्या संक्रांतीचे हळदीकुंकू आपणां सर्वांस आठवत असेल. त्या दिवशी सतरंज्या घालणे, वाण मांडणे, तिळगूळ वाटणे यांत मी सकाळपासून उभीच होते. रात्री घरी येऊन चप्पल काढली, तो पायाखालची फरशी लाल झालेली! चपलेत बोराच्या आठळीएवढा खडा निघाला. दिवसभर मी त्या खड्यावर उभी राहिले होते, चालले होते, तुमचे उखाणे ऐकून हसले होते. आणि मला कळ म्हणून आली नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय तपासून सांगितले, "आजी, साखर बरीच वर्षे अंगात मुरली आहे. पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत."

समाचाराला आलेली एक शेजारीण समाधानाने म्हणाली, "दुखत तर नाही ना? मग बरे!" मी तिला काही बोलले नाही. परंतु 'दुखत नाही' या दोन शब्दांपायी आमच्या घरातील एका माणसाच्या आयुष्याचे काय झाले, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून वेदना म्हणजे काय, ती नाहीशी झाली म्हणजे काय होते, आणि हे ओळखण्याचे काम आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या बायकांनी कसे केले, त्याचा इतिहास येथे सांगते.

साधारण १९६२ सालची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमचे गाव जामखेड तालुक्यात. माझी आत्या दिवाळसणाला माहेरी आली होती. तिच्या भाकरीची गावात ख्याती होती. पण भाकरीपेक्षाही अधिक कौतुक होई ते तिच्या हातांचे. चुलीवरचा तवा ती उघड्या हाताने उतरवी, आणि बाहेर पडलेला निखारा दोन बोटांनी उचलून परत चुलीत सारी. शेजारपाजारच्या बायका म्हणत, "हिचे हात पोळतच नाहीत. बाईच्या जातीनं असं असावं!" आजीलाही या बोलण्याचा अभिमान वाटे.

एके सकाळी आत्या चुलीपुढे बसली असता घरात मांस जळाल्याचा वास सुटला. माझी आई धावत आली. आत्याही इकडेतिकडे पाहू लागली आणि म्हणाली, "काय जळतंय गं वहिनी?" तिचीच बोटे तव्याच्या कडेला चिकटली होती. ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्यात म्हण आहे. त्या दिवशी आत्याचे जळत होते ते साऱ्या घराला कळले. तिला एकटीला कळले नाही.

त्यानंतर तिच्या दंडावरचा फिकट चट्टा कोणाच्या तरी नजरेस आला. त्या काळी या रोगास महारोग म्हणत, आणि कोणी नाव न घेता नुसती मान खाली घाली. सासरच्या मंडळींनी तिची पेटी बैलगाडीतून आमच्या दारी आणून ठेवली. आजोबांनी परसातील एक खोली झाडून तिला दिली. वेगळे ताट, वेगळा तांब्या, वेगळे अंथरूण. आम्हां मुलांना तिच्याजवळ जाण्याची बंदी होती. एकदा तिने परसातला पिकला पेरू माझ्यापुढे धरला, आणि मी हात मागे घेतला. तिने पेरू ओट्यावर ठेवला व ती आत निघून गेली. पुढे शाळेत मी शेकडो मुलांना 'अस्पृश्यता हा अन्याय आहे' हा धडा शिकवला. पण तो धडा शिकवताना दर वेळी मला तो मागे घेतलेला हात आठवे.

आता आत्याच्या हाताला काय झाले होते, हे समजण्यासाठी निरोगी हाताला चटका कसा कळतो ते पाहू.

आपल्या कातडीत मज्जातंतूंची बारीक टोके सर्वत्र पसरलेली असतात. काही टोके मऊ-खरखरीत कळविणारी, तर काही केवळ धोक्याची वर्दी देणारी. तापलेल्या तव्याला बोट लागले आणि उष्णता सुमारे ४३ अंशांच्या वर गेली, की ही वर्दी देणारी टोके जागी होतात. वर्दी हातातून निघून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत जाते. तेथूनच, मेंदूला विचारण्यापूर्वी, हात मागे घेण्याचा हुकूम सुटतो. म्हणजे हात आधी मागे येतो आणि 'पोळले' हे आपणांस मागाहून कळते. वर्दी नेणारे तंतूही दोन तऱ्हेचे आहेत. एका तऱ्हेचे सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने वर्दी नेतात. त्यामुळे पहिली तीक्ष्ण कळ येते. दुसरे अतिशय बारीक, सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर नेणारे. त्यांच्यामुळे नंतरची आग आणि ठणका जाणवतो. उंबऱ्याची ठेच लागली की प्रथम एक सणक जाते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. त्याचे कारण हे.

मिरच्या चिरल्यावर हात भगभगतात, तेही याच टोकांमुळे. मिरचीतील तिखट द्रव्य त्या टोकांना फसवते, आणि काही पोळले नसताना ती 'पोळले, पोळले' अशी हाकाटी करतात. अमेरिकेतील डेव्हिड जूलियस या शास्त्रज्ञाने १९९७ साली या मिरचीच्याच आधारे उष्णतेची वेदना टिपणारा रेणू शोधून काढला. पुढे २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि स्पर्शाचा शोध घेणारे आर्डेम पटापूटियन यांना मिळून देण्यात आले. आपल्या पाट्यावरच्या मिरचीला एवढा मान मिळाला, याचे मला मोठे नवल वाटते.

वर्दी आली म्हणजे ती जशीच्या तशी वर जाते असेही नाही. मूल पडले की आई दुखरा भाग चोळते, त्यावर फुंकर घालते, आणि रडे थांबते. यात नुसती माया नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या दोघांनी असे मांडले, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. चोळण्याच्या स्पर्शाने ते थोडे लागते आणि वेदनेची वर्दी कमी प्रमाणात पुढे जाते. त्यांच्या मांडणीत पुढे सुधारणा झाल्या, पण मुख्य गोष्ट टिकली. अखेर वेदना जाणवते ती मेंदूत. म्हणून भीतीत ती वाढते, आणि कामाच्या घाईत काही काळ विसरली जाते.

गावाला पूर्वी जागल्या असे. रात्रभर तो आरोळी देई. झोपमोड होते म्हणून त्याच्यावर चिडणारेही असत. परंतु जागल्या नसलेल्या गावात चोर निवांत शिरत. वेदना ही देहाचा जागल्या आहे. आत्याच्या हातातला जागल्याच गेला होता.

कुष्ठरोगात हेच घडते. आपल्या पूर्वजांना याची जाण नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांत त्वचेच्या बधिरतेचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु रोगाचे कारण कळावयास १८७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी या रोगाचा जंतू पाहिला. हा जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्याला शरीरातील थंड जागा मानवतात. म्हणून कातडी, नाक, आणि कोपर, गुडघा व घोटा यांच्याजवळ वरवर असणाऱ्या नसा त्याच्या तावडीत सापडतात. बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. त्यामुळे तो सहसा कोणाला लागत नाही.

जंतू सापडला तरी एक मोठा गैरसमज राहिलाच. हा रोग बोटे खातो, बोटे झडून पडतात, असे लोक मानीत, डॉक्टरही मानीत. तो दूर करण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. पॉल ब्रँड यांना जाते. त्यांचा जन्म १९१४ साली तमिळ मुलखातील कोल्ली डोंगरात झाला, आणि १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हाडांचे शल्यवैद्य होते. चिंगलपेटच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हाताशी हस्तांदोलन केले, तो त्याने त्यांचा हात इतका घट्ट आवळला की त्यांना कळ आली! म्हणजे हात मेलेला नव्हता. काही स्नायू चांगले बळकट होते. त्यावरून त्यांनी चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून वाकडी बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या.

परंतु बोटे आखूड का होतात? एकदा त्यांना गंजलेले कुलूप उघडेना. एका लहान रुग्ण मुलाने पुढे होऊन किल्ली फिरविली आणि कुलूप उघडले. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला, तो किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला पत्ताच नव्हता. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर दिसले, की झोपेत उंदीर बोटे कुरतडतात आणि रुग्ण जागा होत नाही. तेव्हापासून रुग्णांना मांजरे पाळावयास देऊ लागले! रोग बोटे खात नाही. चटका, काटा, खडा आणि उंदीर खातात, कारण 'सोड' म्हणून सांगणारी वेदनाच उरलेली नसते.

पुढे अमेरिकेत गेल्यावर ब्रँड यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात यंत्र बसविले. दाब वाढला की शिटी वाजे. रुग्ण शिटीकडे दुर्लक्ष करीत. मग विजेचा झटका देऊन पाहिले, तर काम अडते म्हणून रुग्ण यंत्रच बंद करून ठेवीत. अखेर तो नाद सोडावा लागला. १९९३ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी वेदनेला 'कोणालाही नको असलेली देणगी' म्हटले आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठसेवेचे काम उभारले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोड्याजवळ बाबा व साधनाताई आमटे यांचे आनंदवन ही नावे घरोघर ठाऊक आहेत. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांना या थोर माणसांनी घर दिले. पण माझ्या आत्यासारखी बाई वर्ध्याला किंवा वरोड्याला पोहोचावी कशी? तिचा चट्टा गावातच वेळेवर ओळखणारे कोणी हवे होते.

ते काम आपल्या जिल्ह्यात झाले. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबेल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. रजनीकांत आपल्याच जिल्ह्याचे. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झालेले, आणि तेही ब्रँड तेथे काम करीत होते त्याच काळात. जिच्या नावाने आपला अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला, त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले. पण तालुका कोरडा, आणि १९७२ चा दुष्काळ तर लगेच येऊन ठेपला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहण्यास तयार होईनात. तेव्हा गावोगावच्या बायकांनाच शिकवावे असे ठरले. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण, मुलांचे वजन, स्वच्छ पाणी यांच्याबरोबरच कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणेही त्यांना शिकविण्यात आले. कुष्ठरुग्णांसाठी वेगळी वसाहत काढली नाही. इतरांच्या रांगेतच त्यांना तपासले जाई. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे याच कामातल्या मुक्ताबाई पोळ व्यासपीठावर उभ्या राहिल्या. छतावरच्या झुंबराशी त्यांनी डॉक्टरांची तुलना केली आणि स्वतःसारख्या ग्रामआरोग्यसेविकांची लहान दिव्याशी. लहान दिवा एकावरून दुसरा लावता येतो, असा त्यांचा भावार्थ होता.

असाच एक दिवा आमच्या दारी आला. दुष्काळ सरल्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या गावची आरोग्यसेविका घरोघर फिरू लागली. मी तेव्हा डी.एड. होऊन घरी आले होते. ती बाई सरळ परसात गेली आणि आत्याशेजारी बसली. म्हणाली, "आक्का, डोळे मिटा. मी कापूस लावीन तिथं बोट ठिवा." खांद्यावर कापूस लागला, आत्याने बोट ठेवले. पाठीवर लागला, ठेवले. दंडावरच्या चट्ट्यावर लागला. आत्या डोळे मिटून वाट पाहत राहिली. "लाव की गं," ती म्हणाली. कापूस केव्हाच लागला होता. परीक्षा एवढीच, तिला कापसाचा एक बोळा आणि जवळ बसण्याचे धाडस पुरते.

आत्याला जामखेडला नेले. त्या काळी डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. बोटे परत आली नाहीत, पण रोग थांबला आणि जखमा भरल्या. सेविकेने तिला नवी राहणी शिकविली. तव्याला फडके लावल्याशिवाय हात लावायचा नाही. चहाचा पेला उघडा धरायचा नाही. अनवाणी चालायचे नाही. चपलेत पाय घालण्यापूर्वी ती झटकायची. आणि रोज दिवेलागणीच्या आधी उजेडात बसून हात-पाय चहूंकडून पाहायचे. आत्या म्हणे, "हाताला कळंना, मग डोळ्यानं कळून घ्यायचं." तिने हा नेम शेवटपर्यंत सोडला नाही. काही महिन्यांनी आईने तिचे ताट आमच्या पंक्तीत मांडले. त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या हातची भाकरी घेतली. तेरा वर्षे उशीर झाला होता.

त्यानंतर पुष्कळ बदलले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होऊ लागला, आणि हे औषध फुकट मिळते. देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, ही पायरी भारताने २००५ च्या अखेरीस गाठली. तरीही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतच आहेत. १८९८ चा कुष्ठरुग्णांना डांबून ठेवणारा कायदा २०१६ साली रद्द झाला. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात होते, ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. आत्याची पेटी दारात आली त्याला तोवर सत्तावन्न वर्षे लोटली होती.

मग आज हे सारे आठवावयाचे कशाला? कारण जागल्या आता दुसऱ्या वाटेने जात आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली, की पायाच्या नसांतील वेदना हळूहळू मालवते. जखम होते, दुखत नाही, म्हणून पाहिली जात नाही. चिघळते, आणि एखादे दिवशी बोट किंवा पाऊल काढण्याची वेळ येते. आपल्या मंडळातही साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या किती जणी आहेत, ते आपणां सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून भगिनींनो, आत्याचा नेम मी आता उचलला आहे. संध्याकाळी तळव्याखाली लहान आरसा धरून पाहते. बोटांच्या बेचक्या पाहते. चप्पल झटकून घालते. पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेत नाही. अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला आणि तेथे कापूस कळला नाही, तर लाजू नये, सरकारी दवाखाना गाठावा. वाढदिवसाच्या कार्यक्रमात आपण एक तास पाय तपासणीसाठी ठेवावा, अशी माझी मंडळास सूचना आहे. एकमेकींचे पाय पाहण्यात संकोच वाटेल. पण आमच्या परसात आलेल्या त्या सेविकेला तो वाटला नव्हता.

आणि एक शेवटचे. घरात कोणी बाई गरम तवा उघड्या हाताने उतरवू लागली, किंवा दुखणे न सांगता कामाला लागली, की आपण अजूनही तिचे कौतुक करतो. आत्याच्या हातांचेही असेच कौतुक झाले होते. त्या वेळी एकीने जरी तिचा हात हातात घेऊन "बाई, तुला पोळत कसे नाही?" असे विचारले असते, तर तिची दहा बोटे शाबूत राहिली असती. हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मंडळाने या वर्षी लावून घ्यावी, एवढे सांगून लेखणी ठेवते.